निदानाची नोंद आणि नागरिकाचा हक्क

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी आपल्या मुलाचे वैद्यकीय कागद मला वाचावयास दिले. एकावर ‘एफ ३२’ म्हणजे नैराश्यविकार. सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्यावर ‘एफ २०’ म्हणजे छिन्नमनस्कता. लक्षणे कोणती, किती काळची, निदान का बदलले, याविषयी एकही ओळ नव्हती. नोंदी विसंगत ठरवून विम्याचा दावा परत आला होता. मुलाने विचारले, “काका, यांतला मी कोणता?”

निदान बदलणे हा दोष नव्हे. मनोविकाराचे स्वरूप अनेकदा काळानेच स्पष्ट होते. बदलाचे कारण न लिहिणे, हा मात्र दोष आहे.

१८८१ च्या जनगणनेत वेडेपणाची नोंद गणक करीत असे, वैद्य नव्हे. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात मनोविकारांना स्वतंत्र विभाग मिळाला तो १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तरी आपल्याकडे दहावीचे ‘एफ’ संकेतांक अजून लिहिले जातात. म्हणून संकेतांकासोबत आवृत्तीही नोंदवली पाहिजे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ३ मान्य वैद्यकीय मानकांनुसार निदानाची अपेक्षा करते आणि केवळ पूर्वीच्या उपचारांवरून आजचा निष्कर्ष काढण्यास मनाई करते. कलम २१ मनोविकारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देण्यास सांगते. परंतु नोंदच मोघम असेल, तर हे हक्क मागायचे कशाच्या आधारे?

काही डॉक्टर नोकरी वा लग्न मोडू नये या कणवेने सौम्य संकेतांक लिहितात. पुढे दिव्यांगत्वाचा दाखला मागताना तीच कणव रुग्णावर उलटते. बाहेर रांग असताना सविस्तर लिहिणे अवघड असते, हे मान्य. तरी लक्षणे व त्यांचा कालावधी, तीव्रता, माहिती देणारी व्यक्ती आणि निदानबदलाचे कारण, एवढ्या चार ओळी अनिवार्य असाव्यात. शासनाने त्यासाठी एकच नमुना आणि नोंदी ठेवणारे प्रशिक्षित कर्मचारी द्यावेत.

सेवेत असताना मीही एका शब्दाच्या शेऱ्यावर विसंबून अर्ज फेटाळले आहेत. शेऱ्यामागचा आधार विचारला नाही, याची आज खंत वाटते. कलम २५ अन्वये मुलाने आपले वैद्यकीय अभिलेख मागितले आहेत. अर्ज मी लिहून दिला. सही त्याने स्वतः केली.