तोडी आणि जुना संगणक

जुन्या घरगुती संगणकावर रचलेले संगीत म्हणजे निव्वळ पोरखेळ, असा निकाल चेन्नईत बदलून आलेले आपले मराठी रसिकही बेधडक देऊ लागले आहेत. कारण काय, तर यंत्राला गमक कोठून येणार? हा आक्षेप अज्ञानमूलक आहे. १९८२ च्या कॉमोडोर ६४ मधील 'सिड' या चिपला एका वेळी तीनच आवाज काढता येतात. परंतु प्रत्येक आवाजाच्या कंपनसंख्येसाठी ६५,५३६ पायऱ्या आहेत. पेटीच्या बारा पट्ट्यांत न सापडणारी श्रुती येथे आकड्याने गाठता येते. मात्र गमकाचा एकेक हेलकावा रचनाकाराने स्वतः मोजून लिहावा लागतो. (आळसाला येथे जागा नाही, हेच बहुधा खुपत असावे!) शिवाय ज्या सभांतून इलेक्ट्रॉनिक तंबोरा निमूटपणे चालतो, तेथे यंत्राचा विटाळ कसला? व्हायोलिन तरी कोठले? बाळुस्वामी दीक्षितारांनी ते याच मुलखात आपलेसे केले. उद्या मंडळाच्या गणेशोत्सवात एखादा मुलगा असा संगणक घेऊन आला, तर त्याला बालकरमणुकीत ढकलू नका. कर्नाटकी तोडी वाजवायला सांगा, आणि गांधार चुकला तर खुशाल त्याचा कान धरा.