महागडी कॅप्सूल आणि फुकटची गोळी

‘फ्री रॅडिकल्स’ हा शब्द आता हळदीकुंकवापर्यंत पोचला आहे. भिशीत चहाचे कप खाली ठेवता ठेवता कुणीतरी पिशवीतून डबा काढतं आणि सुरू होतं, ‘‘अगं, लोखंडाला गंज चढतो ना, तस्साच आपल्या शरीराला आतून चढतो. त्याला कारण हे फ्री रॅडिकल्स. त्यावर उपाय एकच, अँटिऑक्सिडंट!’’ मग द्राक्षाच्या बियांचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन, सगळं म्हणे एकाच कॅप्सूलमध्ये. डबा हजार-दीड हजाराचा, महिनाभर पुरणारा. सांगणारी आपलीच मैत्रीण, नाहीतर चुलत जाऊ. तिला तोंडावर ‘नको’ कसं म्हणायचं?

मला वाटतं, म्हणायला हवं. का, ते सांगते.

गंजाची ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू पेशींमध्ये वापरला जातो, तेव्हा काही अस्थिर कण तयार होतात. तेच फ्री रॅडिकल्स. डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५६ मध्ये मांडलं, की वय वाढतं ते या कणांनी केलेल्या नुकसानीमुळे. कल्पना आकर्षक होती आणि बाजाराला ती फारच आवडली. पण गोष्टीचा उरलेला अर्धा भाग डब्यावर छापलेला नसतो. या कणांना आवर घालणारी यंत्रणा शरीराची स्वतःची असते. शिवाय आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच कण मुद्दाम तयार करतात. म्हणजे घरात विस्तव लागतोच, तो फक्त चुलीत राहिला पाहिजे. विस्तव वाईट म्हणून घरभर पाणी ओतत सुटलं, तर स्वयंपाक कशावर करणार?

आता या कॅप्सुलांमधल्या घटकांची परीक्षा झालीच नाही, असंही नाही. चांगली मोठमोठी परीक्षा झाली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर एक चाचणी झाली. त्यांच्यातल्या काहींना वर्षानुवर्षं बीटा कॅरोटिन दिलं. फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा डॉक्टरही चक्रावले, कारण ज्यांना बीटा कॅरोटिन दिलं त्यांच्यात हा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तिथंही कर्करोग वाढलेलाच दिसला.

कुणी म्हणेल, ते पुरुष, त्यातून सिगारेटी ओढणारे. आम्हा बायकांचा काय संबंध? तर बायकांचंही सांगते. अमेरिकेत पंचेचाळिशी गाठलेल्या जवळजवळ ४० हजार निरोगी स्त्रियांपैकी निम्म्यांना एक दिवसाआड ई जीवनसत्त्व दिलं आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. हे तब्बल दहा वर्षं चाललं. २००५ मध्ये निकाल लागला. एकूण हिशोब पाहता हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत, कर्करोग कमी झाला नाही, एकूण मृत्यूही कमी झाले नाहीत. पुढे २०१२ मध्ये अशा ७८ चाचण्या, म्हणजे जवळजवळ तीन लाख माणसांची माहिती, एकत्र तपासली गेली. या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही. उलट बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण किंचित वाढल्यासारखं दिसलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञमंडळानं स्पष्टच सांगितलं, की कर्करोग किंवा हृदयविकार टाळायचा म्हणून ही दोन्ही घेऊ नका.

डोळ्यांच्या पडद्याच्या एका विकारात डॉक्टर ठरावीक जीवनसत्त्वं लिहून देतात, ती गोष्ट वेगळी. तपासून, रोग ओळखून दिलेलं ते औषध आहे. ते आपल्या मनानं बंदही करू नये. भिशीतल्या डब्याचं तसं नाही. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं असतं, ‘औषधी वापरासाठी नाही’. कायद्यानंच ते छापावं लागतं. हौसेनं डबा घेणाऱ्या किती जणींनी ती ओळ वाचली असेल? ज्या रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात, त्यांनी तर जास्त मात्रेचं ई जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. रक्तस्राव होऊ शकतो.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे.

बचत गटाच्या कामामुळे माझं वस्तीत जाणं-येणं असतं. तिथली एक जण चार घरी पोळ्या करते. वय चाळिशीच्या आसपास. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे, संध्याकाळी पाय उचलत नसत. कुणीतरी सांगितलं, ‘फ्री रॅडिकल्स वाढलेत तुझे.’ तिनं हप्त्यानं डबे घेतले, एक नाही, चांगले चार महिने. मग वस्तीत आरोग्य शिबिर झालं आणि तिचं हिमोग्लोबिन निघालं साडेसात! डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारल्यावर कळलं, की दोन वर्षं तिच्या अंगावरून खूप जात होतं. घरात कुणाला बोलली नव्हती. ‘या वयात व्हायचंच असं,’ असं स्वतःच ठरवून टाकलेलं.

तिच्या थकव्याला एक भारदस्त नाव मिळालं आणि कारण शोधायचं राहून गेलं. पैसे गेले ते गेलेच, पण ते चार महिनेही गेले, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि ती काही एकटी नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे भिशीत दहा जणी बसल्या असतील, तर त्यातल्या पाच जणींचं रक्त कमी असू शकतं. त्यावरची लोहाची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. पण ती फुकटची! तिनं मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून पाकीट फडताळात पडून राहतं. दीड हजाराची कॅप्सूल मात्र न चुकता घेतली जाते. अहो, मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या, रात्री झोपताना घ्या, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. चहाबरोबर तेवढी घेऊ नका. शौचाला काळं होणं हा या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याला घाबरायचं कारण नाही.

आणि अँटिऑक्सिडंटच हवं असेल, तर क जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंटच आहे की! मेथीच्या भाजीवर, वरणभातावर पिळलेली लिंबाची फोड भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत करते. आवळा आहे, पेरू आहे. उन्हाळ्यात लिंबू महागतं, कबूल, पण कितीही महागलं तरी डब्याइतकं नाही ना महागत?

मग हे डबे खपतात तरी का? मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, कॅप्सूल घराकडे काहीच मागत नाही, म्हणून ती खपते. रक्त तपासायचं तर एक दिवस कामाला सुट्टी घ्यावी लागते. पाळीबद्दल घरात तोंड उघडावं लागतं. ‘आज भाकऱ्या तुम्ही बघा, मी दवाखान्यात चाललेय,’ असं म्हणावं लागतं. कॅप्सुलीला यातलं काही लागत नाही. स्वतःच्या शिलकीतून आणायची, घोटभर पाण्याबरोबर गिळायची आणि पुन्हा ओट्याशी उभं राहायचं. थकवाही तिचा, उपायही तिनंच गुपचूप गिळायचा. घरातलं पान हलत नाही.

डबे विकणाऱ्या बायकांवर माझा राग नाही. चार पैसे स्वतःचे असावेत म्हणून त्या उतरतात आणि बरेचदा पहिलं गिऱ्हाईक त्या स्वतःच असतात. त्यांनाही एवढंच सांगेन, की विका हवं तर, पण थकलेल्या बाईला ‘फ्री रॅडिकल्स’ सांगण्याआधी ‘रक्त तपासलंस का गं?’ एवढं विचारा. तुमची मैत्रीण आहे ती!

आणि आपलं काय? नवऱ्याची शुगर किती, सासूबाईंचं बीपी किती, मुलाची उंची किती, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. स्वतःचं हिमोग्लोबिन किती, हे आज हा लेख वाचणाऱ्या किती जणींना सांगता येईल? येत नसेल, तर या आठवड्यात एक सकाळ काढा. घरी सांगून जा, चोरून नको. चहा एक दिवस दुसऱ्या कुणीतरी केला, तर काही बिघडत नाही.