स्टेम सेलनंतर व्यायामाचे काय?

‘डॉक्टरसाहेब, स्टेम सेलनं लकवा दुरुस्त होते का जी?’ हा प्रश्न आता आमच्या दवाखान्यात महिन्यातून दोन-तीन वेळा तरी विचारला जातो. विचारणारा बहुधा रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ असतो. हातात मोठ्या शहरातील एखाद्या केंद्राचे रंगीत माहितीपत्रक असते आणि खर्चाचा आकडा लाखांत असतो. पुढचा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो: सुई घेतल्यानंतर रुग्णाला बसवण्याचे, उभे करण्याचे, चालवण्याचे काम कोण करणार, कुठे करणार आणि किती महिने करणार? माझ्या मते हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

प्रथम स्टेम सेल म्हणजे काय ते पाहू. मराठीत यांना मूळ पेशी म्हणतात. यांच्यापासून शरीरात दुसऱ्या पेशी तयार होतात. आपल्या हाडांच्या पोकळीत जी अस्थिमज्जा असते, तिच्यातील मूळ पेशी आयुष्यभर रक्त तयार करीत असतात. म्हणून रक्ताच्या काही आजारांत या पेशींचे रोपण करतात. भारतातील असे पहिले यशस्वी रोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण होती रक्ताच्या कर्करोगाची नऊ वर्षांची मुलगी आणि अस्थिमज्जा दिली तिच्या भावाने. डॉ. अडवाणी हे स्वतः बालपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे डॉक्टर, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, आपल्या विदर्भात आढळणारा सिकलसेल, अशा आजारांतील निवडक रुग्णांसाठी हा उपचार सिद्ध झालेला आहे. पण इथेही रोपण झाले की काम संपले, असे नसते. नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतरही तपासण्यांसाठी काही महिने रुग्णालयाच्या जवळपास राहावे लागते. आपल्याकडचे कितीतरी रुग्ण टाटाच्या उपचारासाठी जातात, तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा घेतात. बाबांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावचा, आणि आपल्या माणसांना मुंबईत छप्पर मिळते तेही त्यांच्याच नावाचे.

रुग्ण गावी परततो तेव्हा नातेवाइकांना वाटते, आजार गेला, आता फक्त आराम. हा समज चुकीचा आहे. आठवडेच्या आठवडे खाटेवर काढल्याने स्नायू झडलेले असतात. काहींना स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, त्यांनी मांड्यांची ताकद आणखी कमी होते. असा रुग्ण जमिनीवर बसला की उठू शकत नाही. थकवा तर वर्षभरही टिकू शकतो. निव्वळ झोपून राहिल्याने तो वाढतोच. रोज थोडे चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव आणि श्वासाचे व्यायाम यांनीच ताकद परत येते. मात्र रक्ताचा अहवाल पाहूनच व्यायाम ठरवावा. प्लेटलेट्स २० हजारांच्या खाली असतील तर जोर लावण्याचे व्यायाम सहसा बंद ठेवतात. तसेच कुटार, शेणखत, धान्याची धूळ यांपासून डॉक्टर सांगतील तोपर्यंत दूर राहावे. त्यांतील बुरशी अशा रुग्णाच्या फुप्फुसाला घातक ठरू शकते. लहानपणी घेतलेल्या लसीही पुन्हा घ्याव्या लागतात.

आता लकव्याकडे वळू. लकवा, मणक्याची इजा, मुलांमधील सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, या आजारांवर मूळ पेशींचा उपचार आजही सिद्ध झालेला नाही. लकव्याच्या बाबतीत आपल्याच देशात कसून तपासणी झाली आहे. दिल्लीच्या ‘एम्स’च्या पुढाकाराने पाच केंद्रांत १२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेवाटे दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांच्या सुधारणेत फरक नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच आहेत: रक्ताच्या मान्य आजारांतील रोपण सोडून मूळ पेशींचा बाकी सर्व वापर हा संशोधन समजावा, तो नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. ऑटिझमसाठी हा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. लकवा बरा करण्याच्या जाहिरातींवर तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

‘पण अमक्याला फरक पडला, आम्ही डोळ्यांनी पाहिले,’ असे लोक सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. परंतु अशा केंद्रांत सुईबरोबर रोज कित्येक तास व्यायामही करून घेतात. घरी जो रुग्ण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला होता, त्याला तिथे दिवसातून अनेक वेळा उभे केले जाते. हात पसरायला, पाऊल टाकायला लावले जाते. शिवाय लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत थोडीफार सुधारणा आपोआपही होतेच. अशा वेळी फरक पडला, तर तो कशाने पडला? श्रेय सुईला मिळते. आठवणीतही सुईच राहते, कारण पैसे तिचेच मोजलेले असतात.

‘मग हात बांधून बसायचे का? करून पाहिले तर काय बिघडते?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. पैसा तर बिघडतोच, पण त्याहून मोठी गोष्ट जाते ती म्हणजे वेळ. लकव्यातील सर्वांत वेगाची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. सहा महिन्यांपर्यंत आणि नंतरही ती होते, पण वेग मंदावतो. मी असे घर पाहिले आहे जिथे सुईच्या पैशासाठी दोन एकर कोरडवाहू विकायला काढली, गिऱ्हाईक मिळून व्यवहार व्हायला चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत फिजिओथेरपिस्ट एकदाही घरी आला नाही. ‘आता मोठा इलाज होणारच आहे’ म्हणून सगळे थांबले होते. तोवर बोटे मुठीत आवळली, टाच आखडली आणि खांदा इतका दुखू लागला की सदरा घालताना माणूस ओरडे. आखडलेला सांधा कुठलीही सुई मोकळा करीत नाही.

काहीजण म्हणतील, व्यायाम तर घरचेही करून घेतील. यातही सावध असले पाहिजे. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० लकवाग्रस्तांवर झालेला मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरच्यांना व्यायाम शिकवून घरी सोडलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक लाभ झाला नाही. घरच्यांचा हात हवाच, पण त्यांच्या मागे वेळोवेळी तपासून व्यायाम बदलून देणारा जाणकार हवा, असा त्याचा अर्थ मी घेतो.

व्यायामाचे महत्त्व अमरावतीला सांगावे लागावे, याचे नवल वाटते. १९१४ साली वैद्य बंधूंनी ज्या गावात हनुमान आखाडा सुरू केला आणि ज्याची मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपर्यंत पोहोचली, ते हे गाव! धडधाकट शरीरासाठी आपण व्यायामाला मान दिला, मग दुबळ्या शरीरासाठीच तो दुय्यम का?

माझी मागणी साधी आहे. अचलपूर, दर्यापूर, मोर्शी, धारणी, मूर्तिजापूर येथील उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट हमखास भेटला पाहिजे. धारणीच्या रुग्णाने व्यायामासाठी घाट उतरून अमरावतीला दर आठवड्याला यावे, ही अपेक्षाच चुकीची. लोकप्रतिनिधींकडे आपण मशीन मागतो, इमारत मागतो. माणूसही मागू या.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरात कोणाचे तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, की तासाचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात न्यावे. जीव स्थिरावला की डॉक्टरांना विचारून व्यायाम सुरू करावा. पहिल्याच दिवशी ओढून उभे करण्याची घाई नको. खाटेवरील रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. लुळ्या हाताला धरून कधीही उचलू नये, खांदा निखळतो. रोज काय केले ते मुलाबाळांच्या जुन्या वहीत लिहून ठेवावे. आणि कोणी लकव्यावर स्टेम सेलचा सल्ला दिलाच, तर दोन गोष्टी विचाराव्यात: ही नोंदणी केलेली चाचणी आहे काय, आणि असेल तर पैसे कशाचे? समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर सातबारा कपाटातच राहू द्यावा, आणि त्यातील थोडे पैसे फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्यांसाठी काढून ठेवावेत.