न्यू यॉर्क जेट्स संघाचा २०२३ चा हंगाम

न्यू यॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा नॅशनल फुटबॉल लीगमधील २०२३ चा हंगाम अपेक्षाभंग व दुखापतींमुळे लक्षात राहिला. १७ पैकी ७ सामने जिंकून १० गमावल्याने, २०१० नंतर सलग तेराव्या हंगामात हा संघ बाद फेरीत पोहोचू शकला नाही.

पार्श्वभूमी

२०२२ मध्ये जेट्सची बचाव फळी भक्कम, परंतु आक्रमण दुबळे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडून ॲरन रॉजर्स या क्वार्टरबॅकला संघात आणण्यात आले. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. चार वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान मिळवलेल्या रॉजर्समुळे अपेक्षा उंचावल्या.

दुखापती

११ सप्टेंबर २०२३ रोजी बफेलो बिल्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, अवघ्या चौथ्या चालीत रॉजर्सच्या डाव्या पायाची टाचेमागील अकिलीझ कंडरा तुटली व त्याचा हंगाम संपला. जेट्सने तो सामना जादा वेळेत २२–१६ असा जिंकला. पाचव्या सामन्यात ॲलायजा व्हेरा-टकर या आघाडीच्या रक्षक खेळाडूलाही तशीच दुखापत झाली. रॉजर्सच्या दुखापतीनंतर कृत्रिम हिरवळीऐवजी नैसर्गिक गवताची मैदाने असावीत, ही खेळाडू संघटनेची मागणी पुन्हा पुढे आली.

कामगिरी

रॉजर्सच्या जागी झॅक विल्सन, टिम बॉइल व ट्रेव्हर सिमियन यांना आजमावण्यात आले. फिलाडेल्फिया ईगल्सवर जेट्सने इतिहासातील पहिला विजय (२०–१४) मिळवला आणि पुढे संघ ४–३ अशा स्थितीत पोहोचला. त्यानंतरच्या सलग पाच पराभवांत मात्र त्यांना एकूण ४५ गुणच करता आले. संपूर्ण हंगामात संघाने २६८ गुण केले व ३५५ दिले.

विश्लेषण

या अपयशाचे खापर केवळ एका दुखापतीवर फोडणे सयुक्तिक ठरत नाही. रॉजर्स संघात येण्यापूर्वी, २०२२ मध्येही जेट्सची कामगिरी ७–१० अशीच होती. २०२४ मध्ये तो सर्व १७ सामने खेळला. तरीही संघाने केवळ ५ सामने जिंकले आणि प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांना हंगाम सुरू असतानाच पदावरून दूर करण्यात आले. सक्षम पर्यायी खेळाडूचा अभाव आणि एकाच व्यक्तीवर सारी भिस्त ठेवण्याचे धोरण, हे दोष दुखापतीने निर्माण केले नाहीत. ते केवळ उघडे पाडले.