‘वाचा गेली’, पण कोणत्या भाषेतली?

विक्रोळीहून जेव्हीएलआरने अंधेरीकडे निघालं, की पवईनंतर आरेचा हिरवा पट्टा लागतो. मेट्रो कारशेडच्या वादात तिथली झाडं देशभर गाजली. त्या झाडांमध्ये वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत, हे मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं. समजा, तिथल्या एखाद्या आजीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचं बोलणं थांबलं. तिची तपासणी कोणत्या भाषेत होईल?

पक्षाघात म्हणजे नुसता हात-पाय लुळा पडणं नव्हे. मेंदूतल्या भाषेच्या भागाला इजा झाली, की ‘वाचाघात’ होतो. माणूस शहाणा असतो, त्याला सगळं आठवत असतं, पण शब्द सापडत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, याला काही कळतच नाही! आणि दोन भाषा येत असतील, तर दोन्ही सारख्याच परत येतील, याची खात्री नसते. एखाद्याची बाजारात, कामावर शिकलेली मराठी हरवते. घरची बोली मात्र टिकून असते. डॉक्टर मराठीत विचारणार, पेशंट गप्प. मग फाइलवर काय शेरा पडेल?

चाचण्यांचंही तेच. जगभर वापरल्या जाणाऱ्या बोस्टन नेमिंग टेस्टमध्ये ६० चित्रं ओळखायची असतात. त्यात इग्लू आहे, प्रेट्झेलही आहे. आजीने ती ओळखली नाहीत, तर दोष मेंदूचा की चित्रांचा?

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. दर सात मृत्यूंमागे एक! त्यातले बहुतेक जण घरीच गेले.

पश्चिम ऑस्ट्रेलियात याच अडचणीवर एक प्रयोग झाला, ‘हीलिंग राइट वे’. तिथे अ‍ॅबोरिजिनल समाजातल्याच व्यक्तींना समन्वयक नेमलं. त्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये भेटायच्या आणि तो घरी गेल्यावरही संपर्कात राहायच्या. हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांनाही त्या समाजाशी कसं वागावं-बोलावं याचं प्रशिक्षण दिलं.

आपल्याकडे कायदा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे कायमचं आलेलं अपंगत्वही धरलेलं आहे. पण प्रमाणपत्रासाठी आधी तपासणी हवी, आणि तपासणीत पेशंटची भाषा कळणारं कुणीतरी हवं. गाडी नेमकी इथे अडते.

इथे तुमचा संबंध येतो. वाक्‌-उपचार हे करिअर आहे; मुंबईतच नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ते शिकवलं जातं. पाड्यावरची मुलं-मुली या क्षेत्रात आली, तर दुभाष्याची गरजच उरणार नाही. तोवर एनएसएसच्या शिबिरात पाड्यावरच्याच तरुणांसोबत रोजच्या वापरातल्या वस्तूंची चित्रं आणि त्यांच्या बोलीतले शब्द गोळा करून जवळच्या रुग्णालयाला देता येतील. आणि एवढं तरी सगळ्यांनी पाठ करावं: चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतंय, की लगेच १०८. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

बोलणं अडखळतंय, हे ओळखायलाही आधी त्या माणसाची बोली कळावी लागते.