मधली केबल काढा

स्टोरेज नेटवर्कचा आराखडा मांडायला बसलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सगळे स्विच एकमेकांना जोडून टाका, एक वाट तुटली तर दुसरी आहेच.’ तुटण्यापुरतं हे कबूल. पण वाट तुटली नाही, नुसती तुंबली तर? फायबर चॅनेलचे स्विच एफएसपीएफ नावाच्या पद्धतीने वाट ठरवतात आणि सर्वांत कमी खर्चाचीच वाट धरतात. 4 स्विचच्या पूर्ण जाळ्यात कुठल्याही दोघांमध्ये थेट दुवा असतो. तिसऱ्यावरून वळसा घालणारी वाट दुप्पट खर्चाची. त्यामुळे थेट दुव्यावर बॅकअपची झुंबड उडालेली असताना वळशाच्या दोन्ही वाटा मोकळ्या असल्या, तरी तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ज्या श्रीमंतीसाठी जाळं विणलं, ती ऐन गर्दीत कामाला येत नाही. शिवाय 4 स्विचना 6 दुवे पुरतात, 8 स्विचना 28 लागतात. 24 पोर्टच्या स्विचचे 7 पोर्ट नुसत्या शेजारधर्मात जातात. (पोर्ट विकणाऱ्याची याला हरकत नसते.)

‘बरं, जाळं नको, पण ए आणि बी ही दोन फॅब्रिक, म्हणजे स्विचचे दोन वेगळे संच, तरी जोडा, कारभार एकाच जागेवरून होईल.’ हा युक्तिवाद मला जास्त धोक्याचा वाटतो. केबल लागली आणि फॅब्रिक जुळली, की दोन उरतच नाहीत. झोनिंगचा, म्हणजे कुठल्या सर्व्हरला कुठलं स्टोरेज दिसावं याचा, बदल लागू केला की तो फॅब्रिकमधल्या प्रत्येक स्विचवर जातो. रात्री दोन वाजता डुलक्या घेत केलेली चूकही तशीच जाते. वेगळ्या फॅब्रिकमध्ये तीच चूक निम्म्या वाटा घालवते, आणि सर्व्हरवरचं मल्टिपाथ सॉफ्टवेअर दुसऱ्या फॅब्रिकला जोडलेल्या कार्डावरून काम चालू ठेवतं. दोन फॅब्रिकना सांधणारी जागा सर्व्हरमध्ये आहे, स्विचमध्ये नाही.

मग मांडावं कसं? 20 सर्व्हर, 2 स्टोरेज, प्रत्येक स्टोरेजचे फॅब्रिकमागे 4 पोर्ट: एका बाजूला 28 पोर्ट झाले. प्रत्येक बाजूला 48 पोर्टचा एकेक स्विच ठेवा आणि मोकळे व्हा. वाढ झाली की प्रत्येक फॅब्रिकमध्ये स्वतंत्रपणे कोअर-एज करा. स्टोरेज कोअरवर, सर्व्हर कडेच्या स्विचवर. कडेला 16 गिगाबिटचे 16 सर्व्हर आणि कोअरकडे 32 गिगाबिटचे 2 दुवे असले, तर सर्व्हरच्या आणि दुव्यांच्या क्षमतेचं प्रमाण 4 ला 1 पडतं. ते जास्त वाटलं तर केबल वाढवायची ती इथे, एज आणि कोअरच्या मध्ये.