‘संयुक्त मानापमान’ : कोण जिंकले, हा प्रश्नच का फसवा आहे

आजचा धागा जरा लांबणार आहे.

२०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट आला, तेव्हापासून आपल्या इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक जुना वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा जो प्रयोग झाला, त्यात बाजी कोणी मारली, बालगंधर्वांनी की केशवराव भोसल्यांनी? मग कोणीतरी मास्टर दीनानाथांचे नाव पुढे करतो, दुसरा कोणी दीनानाथांनी चाली बिघडवल्या असे म्हणतो, आणि शेवटी मतदान लावले जाते.

माझे मत आधीच नोंदवतो. या मतदानात आपण गायकांची तुलना करत नाही. कोणाचा किती पुरावा उरला, याची तुलना करतो आणि तिलाच रसिकता समजतो. तुलना करूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. ती कुठे करता येते, हेही पुढे सांगणार आहे.

एक पूर्वग्रहही नोंदवायला हवा. मी शिंदखेड्याचा. आमच्या तालुक्यातून तापी ओलांडली की शिरपूर तालुका लागतो, आणि तिथे नदीकाठीच थाळनेर आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे गाव फारुकी सुलतानांच्या कबरींमुळे ठाऊक असते. खानदेशात मात्र ते दीनानाथांची सासुरवाडी म्हणूनही ओळखले जाते, कारण माई मंगेशकर थाळनेरच्या लाड घराण्यातल्या. जावयाला झुकते माप देण्याचा मोह आम्हाला होणारच. वाचताना तेवढी वजावट करावी.

आता मूळ विषय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत रंगभूमीवर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. गोविंदराव टेंब्यांनी या नाटकाच्या चालींत काय केले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’-‘सौभद्र’ काळातील साकी, दिंडी, कामदा या वळणापासून दूर जाऊन त्यांनी ठुमरी-कजरीसारख्या पूरब अंगाच्या चीजांचा रंग मराठी रंगभूमीवर आणला. नाटकातले पद हे कथानक पुढे नेणाऱ्या श्लोकापेक्षा स्वतंत्र मैफलीच्या जवळ गेले. तुलनेचा वाद शक्य झाला तो इथे. साकी कोण चांगली म्हणतो यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे होत नाहीत.

पहिले धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. ते १९११ मध्येच वारले आणि वादातून कायमचे बाद झाले. आजच्या कोणत्याही मतदानात त्यांचे नाव मी पाहिलेले नाही.

१९२१ चा प्रसंग टिळक स्वराज्य फंडाचा. एक कोटी रुपये जमवण्याची मुदत ३० जूनला संपली होती, आणि प्रयोग झाला त्यानंतर आठवड्याभराने. एका बाजूला गंधर्व नाटक मंडळीचे मालक, दुसऱ्या बाजूला ललितकलादर्शचे मालक. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन नायक एका रंगमंचावर. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. लहानपणी ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजलेले केशवराव इथे बालगंधर्वांसमोर पुरुषवेषात उभे होते, हा त्या रात्रीचा एक वेगळाच पदर. केशवरावांचे वय तेव्हा एकतीसही नव्हते.

आता ‘कोण जिंकले’ या प्रश्नाकडे पाहा. भामिनीची पदे वेगळी, धैर्यधराची वेगळी. ‘नाही मी बोलत नाथा’ बालगंधर्वांनी गायचे, ‘चंद्रिका ही जणू’ केशवरावांनी. दोघांनी एकही पद सामाईक गायलेले नसताना निकाल कशावर लावायचा? एक लटका रुसवा गातो, दुसरा सेनापतीचा आवेश. टाळ्या कोणाला जास्त पडल्या यावरून पात्रांची लोकप्रियता मोजता येईल, फार तर त्या त्या कंपनीच्या चाहत्यांची संख्या.

इथे धुळ्याच्या एका रहिवाशाची आठवण येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच वारले, आणि त्यांचे दप्तर आजही तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात आहे. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना त्यांनी बखरींवर जी झोड उठवली, ती आपण सगळे अभ्यासक्रमात शिकतो. घटनेनंतर बऱ्याच काळाने, कोणाच्या तरी बाजूने लिहिलेली बखर आणि घटनेच्या वेळी कामकाजासाठी लिहिलेले पत्र यांचे मोल सारखे नसते. शिवकाळाबद्दल बोलताना आपण हा नियम काटेकोरपणे पाळतो. संगीत रंगभूमीबद्दल बोलताना मात्र तो खुंटीला टांगतो.

कारण आपल्यापर्यंत पोहोचलेल्या ‘मानापमान’च्या कथा बहुतांशी बखरी आहेत. गोविंदराव टेंबे हे चाली बांधणारे, गंधर्व नाटक मंडळीचे एक भागीदार, पुढे तिथून निघून शिवराज नाटक मंडळी काढणारे. ‘माझी भूमिका’ लिहिणारे गणपतराव बोडस हेही त्याच मंडळीचे भागीदार आणि नंतर दुरावलेले. ‘बहुरूपी’ लिहिणारे चिंतामणराव कोल्हटकर हे दीनानाथांचे बळवंत संगीत मंडळीतले भागीदार. ही माणसे खोटे लिहितात असे मी म्हणत नाही. त्यांची आत्मचरित्रे मराठी गद्याचे वैभव आहेत. पण यांतला एकही जण तटस्थ प्रेक्षक नव्हता. कंपनीची भागीदारी मोडली की केवळ हिशेबाच्या वह्याच नव्हे, आठवणीही वेगळ्या होतात.

मग ध्वनिमुद्रिका म्हणजे आपली अस्सल पत्रे, असे म्हणावे का? काही अंशी होय. परंतु पत्रालाही कागदाची लांबी असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. जे पद रंगमंचावर ‘वन्स मोअर’च्या गजरात अर्धा-अर्धा तास फुलत असे, ते या तीन मिनिटांत कोंबावे लागे. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन येईपर्यंत गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी गावे लागे, आणि आवाजातले बारकावे त्या कर्ण्यातच हरवत. तबकडीवर द्रुत तान शोभून दिसते. शब्द उच्चारण्याआधीचा बालगंधर्वांचा तो क्षणभराचा थांबा तीन मिनिटांच्या हिशेबात चैनीचा ठरतो. रंगमंचावर त्यांच्यामागे अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे. त्या साथीने घडवलेले वातावरण तबकडीत किती उतरले असेल, याचा विचार केल्याशिवाय ‘गंधर्वांचे गाणे संथ वाटते’ असा शेरा मारू नये.

यात सर्वांत मोठा तोटा केशवरावांचा झाला. प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी ते वारले. १९२१ मध्ये नाट्यगृहातला प्रयोग ध्वनिमुद्रित करण्याची सोयच नव्हती, आणि ती पुढे आली तेव्हा केशवराव नव्हते. बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले. चित्रपट आला, नभोवाणी आली, तबकड्यांवर तबकड्या निघाल्या. आपण बालगंधर्वांना ऐकतो आणि केशवरावांबद्दल वाचतो. कान आणि डोळे यांच्यात स्पर्धा लावली तर कान जिंकणारच. कोल्हापुरात केशवरावांच्या नावाचे नाट्यगृह होते, तेही ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळाले. नशिबाने काही माणसांच्या बाबतीत फारच हात आखडता घेतलेला असतो.

एक अनुमान मात्र मांडावेसे वाटते. केशवराव आणि दीनानाथ या दोघांनीही रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम घेतली होती. बुवांची आक्रमक, पेचदार गायकी दोघांच्या गळ्यांत वेगवेगळी रुजली असणार, हे उघड आहे. तरीही केशवरावांच्या गाण्याची दिशा कोणती होती याचा अंदाज बांधायचा असेल, तर गंधर्वांच्या तबकड्यांपेक्षा दीनानाथांच्या तबकड्या अधिक उपयोगी पडतील. हे अनुमानच आहे. पुरावा म्हणून वापरू नका.

आता खऱ्या तुलनेकडे. युरोपात हा खेळ मोठ्या हौसेने खेळला जातो. रखमानिनोव्हचा दुसरा पियानो कन्चेर्टो घ्या. १९०१ मध्ये त्याने स्वतः तो मॉस्कोत वाजवला, १९२९ मध्ये स्वतःच ध्वनिमुद्रित केला. १९५९ मध्ये स्व्यातोस्लाव रिख्टरने आरंभीचे तेच घंटानादासारखे सूर इतके सावकाश वाजवले की ऐकणाऱ्याला वाटावे, कोणी दुरून जड पावलांनी येत आहे. सूर तेच, कागदावर छापलेले. फरक गतीचा, दाबाचा, श्वासाचा. म्हणूनच तिथे तुलनेला पाया आहे.

आपल्याकडे असा कागद नव्हता. संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित चीजेचा मुखडा दिलेला असे. ती स्वरलिपी नव्हे, निव्वळ पत्ता. त्या पत्त्यावर कोणत्या वाटेने जायचे हे नटाने ठरवायचे. म्हणून तुलना करायची तर एकच पद आणि एकच पात्र घ्यावे, आणि कोणी वाट कुठे सोडली ते पाहावे.

धैर्यधराचे ‘प्रेम सेवा शरण’ यासाठी उत्तम आहे. टेंब्यांची मूळ चाल भीमपलासीतली. दीनानाथांनी ते पद मुलतानीत नेले. वरवर पाहता ही उचलेगिरी किंवा लहर वाटते, पण दोन राग शेजारी ठेवून पाहा. दोन्ही दुपारनंतरचे. दोन्हींत चढताना रिषभ आणि धैवत वर्ज्य. षड्ज, गंधार, मध्यम, पंचम, निषाद अशीच पावले पडतात. म्हणजे जिना तोच राहिला, पायऱ्यांचा दगड बदलला. भीमपलासीचा शुद्ध मध्यम मुलतानीत तीव्र होतो, कोमल निषाद शुद्ध होतो, आणि उतरताना भीमपलासीचे मोकळे शुद्ध रिषभ-धैवत जाऊन त्या जागी कोमल स्वर येतात. भीमपलासीतला धैर्यधर आर्जव करतो. मुलतानीतला धैर्यधर मानी आहे. शरण जातानाही त्याची मान ताठ असते. नाटकाचे नाव ‘मानापमान’ आहे, आणि गरीब सेनापतीचा मान हाच त्याचा विषय आहे, हे लक्षात घेतले तर दीनानाथांचा हा बदल म्हणजे संहितेचे वाचन ठरते.

‘मूळ चाल बिघडवली’ हा आक्षेप मला म्हणूनच मान्य नाही. मूळ चाल ठाऊक नसल्यामुळे त्यांनी ती बदलली असेही म्हणता येत नाही. ज्या किर्लोस्कर मंडळीत हे नाटक जन्मले, त्याच मंडळीत दीनानाथ लहानाचे मोठे झाले आणि १९१८ मध्ये तिथून निघून त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभारली. शिवाय टेंब्यांनी स्वतःच उत्तरेच्या चीजा घेऊन त्यांना मराठी शब्दांचा पेहराव चढवला होता. त्या चालींना पावित्र्य बहाल करण्याचे काम नंतरच्या पिढ्यांनी केले. वसंतराव देशपांड्यांनी दीनानाथांची ती वाट पुढे चालवली नसती, तर ती ‘चूक’ म्हणूनच इतिहासजमा झाली असती.

याचा अर्थ दीनानाथ श्रेष्ठ आणि बालगंधर्व कनिष्ठ असा नाही. भामिनीच्या पदांत बालगंधर्व जे करतात ते दीनानाथांनी कधी साधले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द आणि स्वर यांच्यात सुईही जाऊ नये इतके सख्य त्यांच्या गळ्यात होते. दीनानाथ शब्दाला कधी कधी तानेच्या घोड्यावर बसवून पळवतात. आम्हा खानदेशींनाही ते कबूल करावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी मतदान लावण्यापूर्वी एवढे करा. उन्हे उतरू लागली की ‘प्रेम सेवा शरण’ दोन्ही वळणांनी ऐका, आधी भीमपलासीत, मग दीनानाथांच्या मुलतानीत. चढताना पावले तीच पडतील, फक्त मध्यम आणि निषाद बदललेले असतील. उतरताना रिषभापाशी थांबा, आणि तिथून पुढे भांडायला माझी काही हरकत नाही.